मंद्राचं टिंब

सुपातल्या तांदळात खडा सापडावा तसा तो सूर अन्नपूर्णाबाईंच्या बोटांना लागला. कानाला नाही, बोटांनाच. हात जागच्या जागी थांबला. बाहेरच्या खोलीत नलू, त्यांची नात, पेटी पुढ्यात घेऊन गात होती. गाता गाता तिचा गळा एकाएकी वर उडाला, चिरकला आणि धपकन खाली आला. "पीपर तरे" एवढेच शब्द. पोरीनं पुन्हा घेतले. पुन्हा उडी, पुन्हा चिरक. शेजारच्या क्वार्टरातली कोंबडी दचकून ओरडली. अन्नपूर्णाबाईंनी सूप बाजूला सारलं. वर दुपारचं ऊन, दोरीवरच्या धुतलेल्या लुगड्यावर कारखान्याची तांबूस धूळ बसायला लागलेली. ती झटकायला उठायचं होतं, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि त्यांनीही जोर केला नाही. अलीकडं असंच व्हायचं. अंगातलं एकेक आधी नाही म्हणायचं, मग त्या हो म्हणायच्या. दोन महिने पोर नुसतं सा नि सा घोळवत होती, शब्द आज पहिल्यांदा लावले होते. बावीस वर्षं हे शब्द कानावर पडले नव्हते. नागपूर सुटलं, इतवारीतली ती खोली सुटली, लेकाच्या नोकरीमागं भिलाईला आल्या, मरोद्याच्या बाजूला हे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, चौदा पत्ते बदलले असते तरी हरकत नव्हती. आणि हे गाणं आपलं पायी चालत आल्यासारखं दारातून आत येऊन बसलं होतं. येताना पाय मोडून आलं होतं.

"नले," त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "तो पिंपळ हाय का माकड हाय वो? एवढी उडी कावून मारून राहिलं ते?"

"आजी, प्लीज! बीच में मत बोलो ना," नलूचा आवाज आधीच रडका होता. "पुस्तकात असंच आहे. सा, मग नि, मग सा. वरचाच नि."

"कोणतं पुस्तक?"

"सरांचं. जुनं आहे. देऊन ठेवलं मला गणपतीपर्यंत."

अन्नपूर्णाबाईंनी सूप पुन्हा ओढलं, पण तांदूळ दिसेनात. सा, नि, सा. तो नि खाली असतो. खालचा, मंद्रातला. सापासून एक पायरी खाली उतरायचं, टेकायचं आणि वर यायचं. दमलेलं माणूस पारावर बसतं ना, तसं. त्यांनी तो ऐकला होता, ज्याचा होता त्याच्याच तोंडून. ही चीज बांधणारे गवई बुवा त्यांच्या इतवारीतल्या खोलीत येऊन बसत, सतरंजीवर मांडी घालून, आणि समोर त्यांचे यजमान दौलतराव, छापखान्यासाठी कोरायचा जस्ताचा पत्रा मांडीवर घेऊन. बुवा एक ओळ म्हणत, दौलतराव पत्र्यावर ती पाहून घेत. 'तरे' म्हणताना बुवांची मान खाली जायची आणि अन्नपूर्णाबाई चुलीपुढं बसल्या बसल्या, का कोण जाणे, हातातलं काम खाली ठेवायच्या. तरे म्हणजे खाली, एवढं हिंदी त्यांनाही कळायचं. पिंपळाखाली दाट सावली. खाली म्हणायचं आणि खाली जायचं. गाण्यातलं त्यांना तेवढंच पटलं होतं.

शाळेत त्या दोन महिने गेल्या असतील. बाराखडी आलीच नाही. पण सात अक्षरं आली, लग्नानंतर, नवऱ्याच्या पत्र्यावरून: सा रे ग म प ध नि. सात अक्षरांवर शिक्षण संपलं, असं त्या स्वतःच हसून सांगत आणि दुसरं कुणी हसलं तर त्याची सात पिढ्यांची अब्रू काढत. ती सात अक्षरंही त्यांना येत होती ती उलटी. छापायचा पत्रा आरशासारखा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. दौलतराव खिडकीशी बसत, त्या त्यांच्यासमोर. मधे पत्रा. दौलतरावांच्या बाजूनं अक्षरं उजवीकडून डावीकडं चालत. त्यांच्या बाजूनं पाहिलं की ओळ सरळ डावीकडून उजवीकडं जायची, फक्त सगळी अक्षरं डोक्यावर उभी. सुरुवातीला त्यांना वाटलं, गाण्याची अक्षरं अशीच असतात. पाय वर करून.

मग दौलतरावांच्या डोळ्यांत सारा आला, मोतीबिंदूचा पडदा. अक्षर दिसायचं, टिंब दिसायचं नाही. आणि गाण्याच्या लिहिण्यात टिंबावर सगळं. अक्षराच्या खाली टिंब दिलं तर सूर खालच्या सप्तकातला, वर दिलं तर वरच्या, दिलंच नाही तर मधला. मोहरीएवढं टिंब, पण माणसाला तळघरात नेऊन ठेवील नाहीतर माडीवर. छापखान्यात कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून ते पत्रे घरी आणू लागले, बाजारहाट करून आल्यासारखे, पिशवीत घालून. आणि टिंबं अन्नपूर्णाबाई द्यायला लागल्या. बारीक टोचा, वर लाकडी हातोडीचा एक टोला. फार जोरात नाही, पत्रा फाटतो. फार हळू नाही, शाई धरत नाही. दौलतराव अक्षरावर नख ठेवत आणि म्हणत, "खाली." किंवा, "वर." त्यांनी आपली खूण बांधून घेतली होती. खालचं टिंब नवऱ्याच्या अंगाला, वरचं टिंब आपल्या अंगाला. खालचं तिकडं, वरचं इकडं. हात एकदा बसला की डोकं लागत नाही. पोळी लाटताना कुठं लागतं? चूक झाली तर पत्रा पालथा घालायचा, मागून ठोकून तेवढी जागा वर आणायची, पुढून घोटून सपाट करायची. पण घोटलेली जागा दौलतरावांच्या बोटाला कळायची. "इथं घाव हाय," ते म्हणत. "कागदाले नाई कळत, मले कळते." आणि कधी त्या शेजारणीवर कडाडल्या, की पत्र्यावरून मान न उचलता, "तुह्या नावाखाली एक टिंब द्या लागते. म्हणजे आवाज जरा खाली येईन." त्यावर त्या लाटणं दाखवत. हसत असत तेव्हा. आता आठवायला गेलं तर हसण्याचा आवाज आठवतो, तोंड आठवत नाही.

भोंगा झाला. पहिली पाळी सुटली. थोड्या वेळानं गुलाबराव, त्यांचा मुलगा, सायकल भिंतीला लावून आत आला. रेल मिलमधून आला की त्याच्या अंगाला तापलेल्या लोखंडाचा वास असायचा आणि दहा मिनिटं तो मोठ्यानंच बोलायचा, तिथल्या घरघरीतून आल्यामुळं. मागोमाग शामराव मास्तर. हे भिलाई-३ च्या स्टेशनात पार्सल क्लार्क, सुट्टीच्या दिवशी मराठी मंडळाच्या पोरींना गाणं शिकवत. सडपातळ, स्वच्छ, कॉलरला घडी केलेला रुमाल. आल्याबरोबर प्रेमलानं, सुनेनं, चहा टाकला. नलूनं ओळ म्हणून दाखवली आणि उडीवर तिचा गळा पुन्हा फाटला. मास्तर डोळे मिटून होते, ते त्यांनी उघडले नाहीत.

"बेटा, तीच तर या बंदिशीची जान आहे," ते म्हणाले. "सापासून एकदम नि. मी कितीतरी चिजा गायलो, अशी उडी कुठंच नाही. ते या घराण्याचं खास अंग आहे. कठीण आहेच. कठीण आहे म्हणून तर गणपतीच्या कार्यक्रमात पाहुणे मान डोलावतील."

"सर, गला दुखता है," नलू म्हणाली. "सकाळपासून पाणी गिळतानाही दुखून राहिलं."

"परवा गणपती बसून राहिले, आणि तू गला दुखता है." मास्तर रागावले नव्हते, दमले होते. "नसेल जमत तर सांग. मथुराला देतो. तिचा गळा जाडा आहे, पण उडी घेते ती."

नलूचा चेहरा पाहावत नव्हता. तिनं दोन महिने याच एका गाण्यावर काढले होते. रस्त्यानं जाताना, नळावर, वेणी घालताना, सा नि सा, सा नि सा. अन्नपूर्णाबाईंना एकदम ते दिसलं. बारा वर्षांची पोर रोज एका जागी चढतेय आणि पडतेय, चढतेय आणि पडतेय, आणि तिथं मुळात पायरीच नाही. पायरी दुसरीकडं आहे. ती कुणाच्या हातानं तिथून गेली ते या घरात एकालाच ठाऊक होतं.

"मास्तर," त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तो नि खालचा हाय."

शामरावांनी नमस्कार केला आणि हसले. वडीलधाऱ्या बाईला हसतात तसे. "नाही माय. खालचा असता तर खाली टिंब असतं. हे पाहा ना. छापलेलं आहे."

"छापलेलं म्हणजे काय देवानं पाठवलं का? पीपर तरे म्हणते थो. पिंपळाखाली बसाचं हाय, का शेंड्यावर? सावली खाली पडते का वर?"

प्रेमला चहा देता देता हसली. मास्तरांना ते लागलं. "अर्थ वेगळा, स्वर वेगळे. अर्थाप्रमाणं स्वर लावायला लागलो तर विहिरीचं गाणं विहिरीत बसून म्हणावं लागेल."

"माय, राहू दे ना," गुलाबराव बनियनवरच बसला होता. "तुले गाण्यातलं काय समजते? सर शिकवून राहिले, शिकवू दे."

नलू पुस्तकाची पानं मागंपुढं करत होती, डोळे लपवायला काहीतरी हवं म्हणून. शेवटच्या पानावर तिचा हात थांबला. "पत्रे कोरणारे," ती वाचत म्हणाली, "दौलतराव नारायणराव बोरकुटे. बाबा! आजोबांचं नाव!"

सगळे पुस्तकावर वाकले. अन्नपूर्णाबाई वाकल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं ते कुठं आहे. ती ओळही त्यांच्यासमोर कोरली गेली होती, पाय वर करून. शामरावांनी पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं. "काय सांगता! तुमच्या मालकांच्या हातचं? मग तर प्रश्नच मिटला ना माय. एवढं सुरेख काम करणारा माणूस, त्याच्या हातून टिंब सुटेल?"

आणि गुलाबराव, चहाचा घोट घेत, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "नाई नाई सर, सुटू शकते. बाबाच्या हातून एक टिंब चुकलं होतं. त्याच्यापायीच छापखान्यातून काढलं त्यायले. माय सांगते ना नेहमी. डोळे गेले होते, पण मान्य करत नव्हते. मग काय, भांड्याच्या दुकानात बसून लोकायच्या लोट्या-ताटल्यावर नावं टाकत राहिले मरेपर्यंत. मायनंच घर उभं केलं."

हे त्यांचंच वाक्य होतं. शब्दन् शब्द. 'लोट्या-ताटल्यावर' हेसुद्धा. बावीस वर्षांत त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं होतं, नातलगांत, विहिरीवर, सोयरिकी जुळवताना, आणि दौलतराव हयात असताना त्यांच्या देखत, की ते आता त्यांच्याशिवाय चालत होतं. लेकाच्या तोंडून ते ऐकताना त्यांना वाटलं, आपण कुणाच्यातरी घरी ठेवायला दिलेलं भांडं त्यानं घासूनपुसून परत आणून दिलंय.

बावीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी दौलतराव डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले होते. शेवटचा पत्रा उरला होता, त्यात एकच टिंब. नि खाली एक. छापखान्याचा माणूस दुपारी न्यायला येणार होता. अन्नपूर्णाबाईंनी हात पुसले आणि पत्र्याशी गेल्या. आणि त्या दिवशी, कधी नव्हे ते, समोर बसल्या नाहीत. नवऱ्याच्या जागेवर बसल्या. खिडकीशी, त्यांच्या पाटावर. मुद्दाम काही नाही. उजेड बरा होता, पाट मोकळा होता, घरात कुणी नव्हतं. बसल्यावर बरं वाटलं होतं, हेही खरं. इथून खोली वेगळी दिसत होती, चूल लहान दिसत होती. क्षणभर सगळं काम आपलंच आहे असं वाटलं होतं, आणि नव्हतं का? टोचा धरला. खालचं टिंब तिकडं, वरचं इकडं, हाताला पाठ होतं. तिकडं टोचा ठेवला आणि एक टोला दिला. सुरेख बसला. पण त्या जागेवरून 'तिकडं' म्हणजे अक्षराचं डोकं होतं. टिंब खाली पडायचं ते वर पडलं. छापखान्यातल्या तपासणाऱ्यानं पाहिलं, नि वर टिंब, इतक्या वर माणसाचा गळा जात नाही, पडलं असेल चुकून. त्यानं मागून ठोकून, पुढून घोटून ते काढून टाकलं. खाली द्यायचं ते कुणाला सुचणार? पुस्तक छापून बाहेर आलं. बुवा पहिली प्रत घेऊन छापखान्यात शिरले आणि म्हणे रडले. ओरडले नाहीत, रडले. मालकानं दौलतरावांना बोलावलं. दौलतराव म्हणाले, हात माझा. डोळे गेले, चूक माझी.

घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की उद्यापासून जायचं नाही. अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, कावून? ते म्हणाले, तरे वरचं टिंब. आणि त्यांच्याकडं पाहत राहिले, सारा आलेल्या डोळ्यांनी, दिसत नसल्यासारखे किंवा सगळं दिसत असल्यासारखे. त्याच वेळी बोलायचं होतं. एक श्वास घेतला असता तर झालं असतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "एवढं सांगत नोयती का मी, येळेवर डोळे दाखवा, येळेवर डोळे दाखवा! एका टिंबापायी घरादाराची माती केली!" त्यांचा आवाज तार सप्तकात गेला. दौलतराव काही बोलले नाहीत. मग भांड्यांचं दुकान. वर्षभरानं कधीतरी ते घरी एक पितळी गडू घेऊन आले. त्यावर त्यांचं नाव घातलं होतं, अन्नपूर्णा, दाणेदार, सुलट्या अक्षरांत. आणि नावाखाली, कशालाच लागून नाही असं, एक टिंब. ती जुनी थट्टा होती की दुसरं काही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दौलतराव गेले तेव्हाही नाही विचारलं. गेली एकवीस वर्षं त्या त्याच गडवानं पाणी पीत होत्या, अंगठा बरोबर टिंबावर यायचा, आणि रोज सकाळी पहिल्या घोटाला वाटायचं, थट्टाच असेल. दुसऱ्या घोटाला वाटायचं, नसेल.

"म्हणजे," शामराव पुस्तकाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघत होते, "तेच टिंब हे? माय, तुम्ही म्हणता तो खालचा नि... म्हणजे मालकांची चूक राहिलीये इथं?"

किती सोपं होतं. हो म्हणायचं. मान हलवली तरी पुरलं असतं. नलूचा गळा सुटला असता, मास्तर पटले असते, लेकाला ठाऊक होतं तेच पुन्हा ठाऊक झालं असतं. मेलेल्या माणसावर बावीस वर्षं ठेवलेलं ओझं, त्याच्यावरच आणखी एक दिवस. त्याला काय होणार होतं? नलू त्यांच्याकडं बघत होती. तोंड अर्धं उघडं, गळ्याशी हात. अन्नपूर्णाबाईंना फार दमल्यासारखं झालं. उभं राहण्याचा नाही, त्या एका वाक्याचा थकवा आला, जे इतकी वर्षं उचलून धरलं होतं. त्या आत गेल्या. सगळ्यांना वाटलं, रागावून गेल्या. शिवणाच्या डब्यातून त्यांनी टोचा काढला. इतक्या वर्षांत त्यानं स्टोचं भोक साफ केलं होतं, नलूचे कान टोचले होते, पट्ट्याला भोकं पाडली होती. बाहेर येऊन त्या नलूसमोर खाली बसल्या, गुडघे नाही म्हणत असताना.

"पुस्तक ठेव मधे. तुह्याकडं तोंड करून. हां. मी इकूनच बसतो. माही जागा हेच हाय."

"माय, काय करून राहिली तू? सरचं पुस्तक हाय ते!"

"गुलाब, गुमान बस. आन ऐक, तुलेच सांगतो." अन्नपूर्णाबाईंची नजर पानावर होती. अक्षरं पाय वर करून उभी होती, ओळखीची. "तुह्या बापाची चूक नोयती ते. त्यायले टिंबं दिसतच नोयते. टिंबं मीच देत होती. सगळ्या पुस्तकातले. एक चुकलं, तेबी माहंच. थो माणूस बोलला नाई, आन मी बोलू देल्लं नाई."

गुलाबरावच्या हातातला कप बशीवर टेकला. प्रेमला पदर सावरत उगाच आत गेली. शामराव काहीतरी म्हणायला गेले, "पण छापील पुस्तकात..." आणि थांबले. समोर छापणारीच बसली होती.

"नले, कुठी हाय तरे? नख ठेव."

नलूनं नख ठेवलं.

"खाली का वर?"

"...खाली," नलू म्हणाली.

खालचं टिंब तिकडं. अन्नपूर्णाबाईंनी टोचा नलूच्या अंगाला नेऊन टेकवला आणि तळहातानं वरून दाबला. जुना कागद, जस्तासारखा थोडाच होता. टक् झालं नाही, नुसतं भुसकन आत गेलं. "म्हण आता."

नलूनं पेटीवर सा धरला. पीपर, म्हणाली. मग तरे, आणि गळा खाली उतरला, सापासून एक पायरी, कुठंही न खरचटता, टेकला, आणि वर आला. शामराव मास्तरांची मान आपोआप खाली गेली होती. त्यांनी ती वर करायला बराच वेळ लावला. गुलाबराव उठून अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला, दोरीवरच्या लुगड्यापाशी. मग तो ते लुगडं झटकायला लागला, धूळ गेली तरी झटकतच राहिला. अन्नपूर्णाबाईंनी त्याला हाक मारली नाही. त्यानं उद्या बोलावं, परवा बोलावं, न बोलावं. न बोलणं या घरात कुणाकडून आलं ते त्यांना ठाऊक होतं.

नलूनं पान उलटलं आणि चमकून वर पाहिलं. "आजी! मागच्या पानावर बी निघालं! इथं ग खाली टिंब झालं. गलत हो गया ना. लोक काय म्हणतील?"

अन्नपूर्णाबाईंनी गडू ओढून घेतला. अंगठा टिंबावर आला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीनं लिहून ठेव बाजूले. हे टिंब अन्नपूर्णेचं हाय म्हणाव."